प्येर मांदेस-फ्रान्स यांची राजकीय कारकीर्द कशी वाचावी आणि कशी लिहावी

प्येर मांदेस-फ्रान्स या फ्रेंच खासदारांवर आपण मराठीत नोंद लिहीत आहात आणि त्यात आपल्याला तीन अडचणी आल्या आहेत, असे आपल्या प्रश्नावरून दिसते. खासदारकीची वर्षे सलग लागत नाहीत, मध्ये मोठ्या फटी राहतात. एकाच काळात हे गृहस्थ महापौरही दिसतात, खासदारही आणि मंत्रीही. आणि पंतप्रधानपद तर जेमतेम साडेसात महिन्यांचे, १८ जून १९५४ ते ५ फेब्रुवारी १९५५ एवढेच, तरीही फ्रेंच लेखक त्यांच्याविषयी इतक्या आदराने का लिहितात हे उमगत नाही. "त्यांना अपयशी म्हणावे का?" असे आपण शेवटी विचारले आहे. मी विद्यापीठात बरीच वर्षे फ्रान्सचा आधुनिक राजकीय इतिहास शिकवला आणि अशा चरित्रनोंदी लिहिल्या व तपासल्या, त्या आधारावर उत्तर देतो.

माझ्या मते या तिन्ही अडचणींचे मूळ एकच आहे. आपण ही कारकीर्द शिडीसारखी वाचत आहात : आधी स्थानिक पद, मग खासदारकी, मग मंत्रिपद, मग पंतप्रधानपद, आणि नंतर उतरण. फ्रान्समध्ये, निदान मांदेस-फ्रान्स यांच्या काळात, स्थानिक पद हे मागे टाकायचे पाऊल नव्हते. गावातले महापौरपद हा पाया होता. राजधानी पॅरिसला गेल्यावरही तो सोडायचा नसे, कारण त्याच्याच बळावर पुढची निवडणूक लढवली जाई. लेखन किती तपशिलात जावे हे अर्थात आपल्या नोंदीच्या लांबीवर आणि वाचकावर अवलंबून आहे. कोशातली दोनशे शब्दांची नोंद असेल तर पुढचे बरेचसे गाळावे लागेल. तरीही लिहिण्यापूर्वी कागदावर तीन वेगळे रकाने आखावेत असे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो : एक संसदेतील जागेचा, एक स्थानिक पदांचा, एक सरकारमधील पदांचा. या तिघांना एकाच यादीत कोंबले की आपल्याला झाला तसा गोंधळ होतोच.

पहिला रकाना भरू. मांदेस-फ्रान्स यांचा जन्म ११ जानेवारी १९०७ रोजी पॅरिसमध्ये एका ज्यू कुटुंबात झाला. शिक्षणाने वकील, वकिली आणि राजकारण दोन्हींसाठी त्यांनी नॉर्मंडीतील एर हा देपार्तमाँ, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा घटक, आणि त्यातील लुव्हिए हे छोटे गाव निवडले. मे १९३२ च्या निवडणुकीत रॅडिकल पक्षातर्फे ते तिथून निवडून आले तेव्हा वय २५ होते आणि सभागृहातील ते सर्वांत तरुण सदस्य होते. १९३६ मध्ये पुन्हा निवडून आले. युद्धानंतरच्या पहिल्या घटना समितीत ते नाहीत, जून १९४६ मध्ये निवडलेल्या दुसऱ्या घटना समितीत आहेत, आणि तेथून नोव्हेंबर १९५८ पर्यंत एरचेच खासदार आहेत. मग पराभव, मग १९६७ मध्ये थेट आल्प्सच्या पायथ्याशी इझेर देपार्तमाँमधील ग्रेनोबलची जागा, आणि १९६८ मध्ये ती गमावणे. एवढीच खासदारकी. राष्ट्रीय सभेच्या संकेतस्थळावर सिकोमोर नावाची सूची आहे, तीत फ्रेंच राज्यक्रांतीपासूनच्या प्रतिनिधींच्या तारखा मिळतात. त्या तारखा तिथूनच घ्याव्यात, वर्तमानपत्री मृत्युलेखांतून घेऊ नयेत. एक बारकावा मात्र लक्षात ठेवा. १९४० पूर्वीच्या सभागृहाला "प्रतिनिधी सभा" म्हणायचे आणि १९४६ नंतरच्या सभागृहाला "राष्ट्रीय सभा". दोन्हींसाठी एकच नाव वापरले तर जाणकार वाचक तिथेच थांबतो.

१९४० ते १९४५ ही फट आपल्याला सर्वांत जास्त खटकली आहे. तिथे घाई करू नका, कारण तिथे नोंद चुकण्याची शक्यता सर्वाधिक असते. जर्मनीपुढे फ्रान्स कोसळल्यावर १० जुलै १९४० रोजी व्हिशी येथे संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या सदस्यांनी मार्शल पेताँ यांना सर्वाधिकार दिले, आणि विरोधात मत देणाऱ्या ८० जणांची यादी फ्रान्समध्ये आजही सन्मानाने घेतली जाते. त्या यादीत मांदेस-फ्रान्स यांचे नाव नाही. यावरून त्यांनी पेताँ यांना पाठिंबा दिला असे कोणी अनुमान काढले तर तो अन्याय होईल. ते त्या दिवशी व्हिशीत नव्हतेच. हवाई दलात अधिकारी असलेले मांदेस-फ्रान्स युद्ध उत्तर आफ्रिकेतून चालू ठेवावे या विचाराने 'मासिलिया' या जहाजातून इतर काही खासदारांबरोबर जूनमध्येच मोरोक्कोला गेले होते आणि तिथे अडकले होते. त्यांना अटक झाली, सैन्यातून पळाल्याचा आरोप ठेवला गेला आणि मे १९४१ मध्ये क्लेर्माँ-फेराँ येथील लष्करी न्यायालयाने सहा वर्षांची शिक्षा दिली. जूनमध्ये ते तुरुंगातून निसटले, पुढच्या वर्षी लंडनला पोहोचले आणि मंत्रिपदाचा अनुभव गाठीशी असतानाही त्यांनी 'लोरेन' या बॉम्बफेकी विमानांच्या तुकडीत उड्डाणे केली. नोव्हेंबर १९४३ मध्ये जर्मनीविरुद्ध लढणाऱ्या फ्रेंचांचे नेते द गोल यांनी त्यांना अल्जिअर्सला बोलावून अर्थखाते दिले. युद्धोत्तर जागतिक चलनव्यवस्था ठरवणाऱ्या जुलै १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेत फ्रेंच शिष्टमंडळाचे नेतृत्व त्यांनीच केले. म्हणजे पहिल्या रकान्यात ही वर्षे रिकामी असली तरी तिसरा रकाना रिकामा नाही.

आता आपली दुसरी अडचण. लुव्हिएचे महापौरपद त्यांना १९३५ मध्ये मिळाले, आणि एरच्या जिल्हा परिषदेचे अध्यक्षपदही पुढे त्यांच्याकडे आले. महापौर असताना खासदार असणे आणि खासदार असताना मंत्री असणे यात त्या काळी नियमबाह्य काहीच नव्हते. तिसऱ्या (१९४० पर्यंतच्या) आणि चौथ्या (१९४६ ते १९५८) प्रजासत्ताकात मंत्री झाल्यावर खासदारकी सोडावी लागत नसे. मार्च १९३८ मध्ये लेओं ब्लूम यांच्या महिनाभरही न टिकलेल्या दुसऱ्या सरकारात ते कोषागाराचे उपमंत्री झाले तेव्हा एरचे खासदार राहिलेच होते. हा नियम बदलला तो पाचवे प्रजासत्ताक आणणाऱ्या १९५८ च्या घटनेने. तिच्या २३ व्या कलमानुसार मंत्र्याला संसदेतील जागा सोडावी लागते आणि त्याच्याबरोबर निवडून आलेला पर्यायी उमेदवार ती जागा घेतो. महापौर आणि खासदार ही दोन्ही पदे एकत्र भूषवण्यावर बंदी तर २०१४ च्या कायद्याने आली आणि खासदारांना ती २०१७ पासून लागू झाली. म्हणून कोणत्याही फ्रेंच खासदाराची नोंद लिहिताना पहिला प्रश्न स्वतःला हाच विचारावा, की आपण कोणत्या प्रजासत्ताकात आहोत. आजचा नियम कालच्या माणसाला लावला तर साधी गोष्टही संशयास्पद दिसू लागते.

निवडणूक पद्धतीचेही तसेच आहे, आणि १९५८ चा पराभव तिच्याशिवाय नीट कळत नाही. १९३२ मध्ये एका मतदारसंघातून एक प्रतिनिधी, दोन फेऱ्यांत, अशी पद्धत होती. युद्धानंतर चौथ्या प्रजासत्ताकात संपूर्ण देपार्तमाँमध्ये पक्षांच्या याद्या आणि प्रमाणशीर वाटप आले. तिथे यादीच्या शिरोभागी असलेल्या प्रतिष्ठित माणसाला निम्मी मते नसली तरी जागा मिळू शकते. १९५८ मध्ये पुन्हा एक जागा, दोन फेऱ्या ही पद्धत आली. त्याच वर्षी १ जून रोजी मांदेस-फ्रान्स यांनी द गोल यांच्या सरकारविरुद्ध मत दिले होते. फ्रेंच सत्तेखालील अल्जीरियात, अल्जिअर्स येथे झालेल्या बंडाच्या सावलीत, सैन्याच्या दबावाखाली सत्ता देणे त्यांना मान्य नव्हते, आणि सप्टेंबरच्या सार्वमतात त्यांनी नव्या घटनेलाही विरोध केला. ती घटना मतदारांनी प्रचंड बहुमताने स्वीकारली आणि दोन महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत रेमी माँताञ या उमेदवाराने त्यांना हरवले. त्यानंतर त्यांनी लुव्हिएचे महापौरपदही सोडले. खासदारकी गेली तरी महापौरपद धरून ठेवायचे आणि पुन्हा संधीची वाट पाहायची, ही तेथील राजकारण्यांची सर्वसाधारण रीत. त्यांनी ती पाळली नाही. नोंदीत या कृतीला एक तरी वाक्य द्यावे, असे मी म्हणेन.

आता मूळ प्रश्नाकडे येतो : साडेसात महिन्यांना एवढे वजन का? इथे माझी रीत सांगतो. भाषणे आणि आठवणी वाचण्याआधी मी मतदानाचे आकडे वाचतो, कारण फ्रान्समध्ये कोणत्या खासदाराने काय मत दिले हे सरकारी राजपत्रात छापले जाते आणि आकडे माणसाची खरी ताकद सांगतात. जून १९५३ मध्ये मांदेस-फ्रान्स पंतप्रधानपदासाठी सभागृहापुढे प्रथम उभे राहिले. राज्य करणे म्हणजे निवड करणे, असे त्यांनी तेव्हा बजावले होते. फ्रान्स इंडोचायनातील, म्हणजे मुख्यतः व्हिएतनाममधील, युद्धही लढेल, युरोपात सैन्यही वाढवील आणि घरी घरेही बांधील, हे एकाच वेळी जमणार नाही असा त्यांचा हिशेब होता. आवश्यक ३१४ मतांपैकी त्यांना ३०१ मिळाली. तेरा मतांनी ते राहिले. पुढच्या वर्षी ७ मे रोजी व्हिएतनाममधील दिएन बिएन फू हा फ्रेंच लष्करी तळ पडला, पंतप्रधान लानिएल यांचे सरकार कोसळले, आणि १८ जूनच्या पहाटेपर्यंत चाललेल्या बैठकीत तेच सभागृह त्यांना ४१९ विरुद्ध ४७ असा कौल देऊन गेले. सभागृह बदललेले नव्हते, माणूसही बदललेला नव्हता. मधल्या वर्षात एक लढाई हरली होती.

या ४१९ मधला एक तपशील मला सर्वांत बोलका वाटतो. कम्युनिस्टांनीही त्यांना मते दिली होती, पण ती मते आपण मोजणार नाही आणि ती वगळून बहुमत नसेल तर पद स्वीकारणार नाही असे त्यांनी आधीच जाहीर केले होते. व्हिएतनाममधील ज्या कम्युनिस्टांशी युद्ध चालू आहे त्यांच्याशी बोलणी करायला जाणाऱ्या पंतप्रधानाच्या मागे त्यांचेच मित्र उभे आहेत, असे कोणाला म्हणता येऊ नये हा हेतू. त्याबरोबर त्यांनी मुदतही घातली : २० जुलैपर्यंत युद्धबंदी झाली नाही तर राजीनामा. जिनिव्हा येथे करार २० आणि २१ जुलैच्या मधल्या रात्री झाले. व्हिएतनामची १७ व्या अक्षांशाजवळ झालेली तात्पुरती विभागणी पुढे किती काळ आणि किती रक्त घेऊन गेली हे आपण जाणतो, त्यामुळे जिनिव्हाला निखळ यश म्हणणे मला धाडसाचे वाटते. पण फ्रान्सपुरते युद्ध संपले. दहा दिवसांनी, ३१ जुलै रोजी, ते ट्युनिसजवळ कार्थेज येथे गेले आणि ट्युनिशियाला अंतर्गत स्वायत्तता देण्याची घोषणा केली.

यानंतरची गोष्ट मराठी वाचकाला जवळची आहे आणि आपल्या नोंदीत ती नसेल तर जरूर घाला. पाँडिचेरी, कारिकल, माहे आणि यानम यांचा प्रश्न याच सरकारने सोडवला. १९४६ च्या फ्रेंच घटनेप्रमाणे तेथील लोकांच्या संमतीशिवाय प्रदेश सोडता येत नव्हता. १८ ऑक्टोबर १९५४ रोजी किळूर येथे तेथील निवडून आलेल्या १७८ प्रतिनिधींपैकी १७० जणांनी भारतात सामील होण्याच्या बाजूने मत दिले, २१ ऑक्टोबरला दिल्लीत करार झाला आणि १ नोव्हेंबरला प्रशासन भारताकडे आले. या फ्रेंच वसाहतींना पॅरिसच्या राष्ट्रीय सभेत स्वतःचा खासदार होता, आणि १९५१ मध्ये निवडून आलेले ते खासदार एदुआर गुबेर १९५४ मध्ये स्वतःच विलीनीकरणाच्या बाजूला वळले होते. गोव्याशी तुलना करताना हे ध्यानात घ्यावे. त्याच वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यातील दादरा आणि नगर हवेली स्वयंसेवकांनी मुक्त केली, पण गोव्यासाठी डिसेंबर १९६१ उजाडावा लागला. फ्रान्स मनाने उदार आणि पोर्तुगाल कंजूष, अशी ही गोष्ट नाही. पॅरिसमध्ये मत बदलू शकणारे सभागृह होते. पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार यांच्या लिस्बनमध्ये ते नव्हते. अर्थात सभागृह वेळही काढू शकते : विलीनीकरणाच्या तहावर २८ मे १९५६ रोजी सह्या झाल्या आणि त्याला फ्रान्सची अंतिम मान्यता मिळायला १९६२ साल यावे लागले. म्हणून "१९५४ मध्ये पाँडिचेरी भारतात विलीन झाले" असे सरसकट लिहू नका. प्रत्यक्ष हस्तांतर १९५४ चे आणि कायदेशीर विलीनीकरण १९६२ चे, असे लिहा.

ज्या १ नोव्हेंबर १९५४ रोजी पाँडिचेरीत तिरंगा चढला, त्याच दिवशी अल्जीरियात स्वातंत्र्ययुद्धाचे पहिले हल्ले झाले. या ठिकाणी मांदेस-फ्रान्स यांचे गुणगान करणारे लेखक पाने भराभर उलटतात. अल्जीरिया हे फ्रेंच प्रजासत्ताकाचे अंग आहे, तिथे फुटून निघण्याचा प्रश्नच नाही, असे त्यांनी नोव्हेंबरमध्ये सभागृहात ठामपणे सांगितले आणि कुमक पाठवली. इंडोचायना, ट्युनिशिया आणि पाँडिचेरी या तिन्ही ठिकाणी वास्तव ओळखणारा माणूस इथे आपल्या काळाच्या बाहेर गेला नाही. अल्जीरियात दहा लाखांच्या आसपास युरोपीय वस्ती होती, तिचे प्रतिनिधी सभागृहात बसत होते आणि त्यांच्या मतांवर सरकारे टिकत होती, हे कारण खरे आहे; पण ते फक्त कारण आहे, समर्थन नव्हे.

आणि सरकार पडले तेही उत्तर आफ्रिकेच्याच चर्चेत. ५ फेब्रुवारी १९५५ चा आकडा ३१९ विरुद्ध २७३. विरोधात बोलणाऱ्यांत त्यांच्याच रॅडिकल पक्षाचे माजी पंतप्रधान आणि अल्जीरियातील काँस्तांतिनचे खासदार रने मायेर अग्रभागी होते. मात्र या ३१९ मध्ये केवळ अल्जीरिया नव्हता. सामाईक युरोपीय सैन्य उभारू पाहणाऱ्या युरोपीय संरक्षण समुदायाचा तह ३० ऑगस्ट १९५४ रोजी सभागृहाने फेटाळला तेव्हा मांदेस-फ्रान्स यांनी सरकारची प्रतिष्ठा पणाला लावली नाही, मतदानातही सरकार उतरले नाही. ख्रिस्ती लोकशाहीवादी पक्षाने ही गोष्ट त्यांना कधीच माफ केली नाही. घरगुती दारू गाळण्याच्या जुन्या सवलतीला त्यांनी हात घातला, त्यामुळे ग्रामीण खासदार दुखावले. शाळांत मुलांना दूध द्यायला लावणाऱ्या या पंतप्रधानाची त्या काळी भरपूर टिंगल झाली, पण दारू गाळणाऱ्यांमध्ये त्यांच्याच नॉर्मंडीचे सफरचंदवाले शेतकरी होते, हे लक्षात घेतले तर त्या निर्णयाची किंमत कळते. शिवाय दर शनिवारी रेडिओवरून ते थेट नागरिकांशी बोलत, आणि आपल्याला ओलांडून जनतेशी बोलणारा पंतप्रधान कोणत्याच सभागृहाला आवडत नाही. ते ज्यू होते यावरून झालेली विखारी टीका तर आयुष्यभर चालूच राहिली. नोंदीत तिचा स्पष्ट उल्लेख असावा, कुजबुजल्यासारखा नको.

पुढचा काळ मी थोडक्यात सांगतो. जानेवारी १९५६ ची निवडणूक त्यांनी समाजवादी गी मोले, मितेराँ आणि शाबाँ-देल्मास यांच्यासह "रिपब्लिकन आघाडी" करून लढवली. लोकांना वाटत होते पंतप्रधान मांदेस-फ्रान्स होतील. संख्याबळ मोले यांच्याकडे अधिक होते आणि ते झाले. मांदेस-फ्रान्स यांना बिनखात्याचे मंत्रिपद मिळाले आणि अल्जीरियातील धोरणाला विरोध म्हणून २३ मे १९५६ रोजी त्यांनी ते सोडले. पुन्हा ते कधीही मंत्री झाले नाहीत. १९५८ नंतर समाजवाद्यांच्या छोट्या गटांत वावरले, राष्ट्राध्यक्ष थेट जनतेने निवडावा या १९६२ च्या दुरुस्तीला त्यांनी विरोध केला आणि म्हणून १९६५ मध्ये उमेदवारीचा आग्रह होऊनही उभे राहिले नाहीत.

ग्रेनोबलची जागा याच संदर्भात वाचावी. नॉर्मंडीतील माणूस इझेरमध्ये कसा, असा प्रश्न वाचकाला पडेल. फ्रेंच खासदाराला मतदारसंघाचा रहिवासी असण्याची अट नाही, आणि विद्यापीठ, प्रयोगशाळा, नवे उद्योग असलेले ग्रेनोबल हे १९६५ पासून युबेर द्युबेदू या महापौरांमुळे द गोल यांच्या विरोधातील डाव्यांचे आवडते शहर झाले होते. मार्च १९६७ मध्ये ते तिथे जिंकले. मे १९६८ च्या उठावानंतर द गोल यांनी सभा विसर्जित केली आणि जूनमध्ये गोलवादी, म्हणजे द गोल यांच्या समर्थकांच्या, लाटेत जाँ-मार्सेल जानने यांनी त्यांना अवघ्या १३२ मतांनी हरवले. मागे सांगितलेले २३ वे कलम इथे पुन्हा आठवा : जानने त्या निवडणुकीनंतर लगेच मंत्री झाले, त्यामुळे जिंकलेल्या खुर्चीवर त्यांना बसून राहता आले नाही. १९६९ मध्ये गास्ताँ दफेर यांच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीत भावी पंतप्रधान म्हणून मांदेस-फ्रान्स यांचे नाव जोडले गेले. त्या जोडीला जेमतेम पाच टक्के मते पडली. १८ ऑक्टोबर १९८२ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले.

तेव्हा "अपयशी" हा शब्द मी वापरणार नाही, आणि "महान" हाही नाही. पदांची वर्षे मोजली तर कारकीर्द लहान आहे. मतदानाच्या नोंदी वाचल्या तर एक सूत्र दिसते : सत्ता सभागृहाकडून, ठरावीक कामासाठी आणि ठरावीक मुदतीसाठी घ्यायची, आणि काम होत नसेल तर सोडायची. १९४५ मध्ये चलनशुद्धीचा, म्हणजे महागाई रोखण्यासाठी जादा चलन काढून घेण्याचा, कडक मार्ग द गोल यांनी नाकारला तेव्हा त्यांनी अर्थव्यवस्था-मंत्रिपद सोडले होते, १९५४ मध्ये राजीनाम्याची तारीख आधीच सांगितली होती, १९५६ मध्ये पुन्हा पद सोडले. आपल्या नोंदीत जागा कमी असेल तर पंतप्रधानपदाचा परिच्छेद अर्धा करा, पण हे तीन प्रसंग, १९५३ आणि १९५४ चे दोन्ही आकडे आणि अल्जीरियाविषयीची त्यांची नोव्हेंबरमधील भूमिका गाळू नका. तीन रकान्यांचा तक्ता तयार झाला की तो इथेच टाका. तारखा मी पडताळून देईन.